हाताने शिवलेल्या चामडी कीचेन : पितळी-चांदीची नक्षी बसवायची कशी?

आरीदोरा (इंदूर)

दिवाळीआधी आमच्या मंडळाचं प्रदर्शन असतं. यंदा फराळ आणि आकाशकंदिलांच्या जोडीला चामड्याच्या कीचेन ठेवायचं मनात आहे. नुसती पट्टी नाही, तिच्यावर धातूचं एखादं फूल, सूर्य, बिल्वदल असं काहीतरी हवं. चामड्याची बाजू मला बऱ्यापैकी जमते. धातूच्या बाजूचं जाणकारांकडून ऐकायचंय. म्हणून आधी मी काय करते ते सविस्तर लिहिते, मग प्रश्न विचारते.

चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं घ्यायचं. कोल्हापुरी चपलेला लागतं तसं, बाभळीची साल आणि हिरड्यात मुरलेलं. बाजारात बहुतेक माल क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला असतो. मऊ, रंगीत, दिसायला झकास. पण त्याची कड घासून चकचकीत होत नाही, वर रंगाचा थर चढवावा लागतो आणि किल्ल्यांच्या घासण्याने तो सोलवटतो. दुकानदार सगळ्याच मालाला 'प्युअर लेदर' म्हणतो, तेव्हा आपणच पारख करायची. कातरणीचा तुकडा ओला करून त्यावर गंजलेला खिळा घासा. सालीचं चामडं असेल तर काळा-निळा डाग उठतो. क्रोमच्या मालावर तसं काही होत नाही.

जाडी दीड ते दोन मिलिमीटर. पट्टी १८ सेंमी लांब आणि अडीच सेंमी रुंद. मधोमध दुमडली की ९ सेंमीची कीचेन होते. दुमडीत कडी राहते, तिच्याखाली दीडेक सेंमी जागा सोडून तिथून शिवण सुरू. ज्या भागात कडी फिरते तिथे आतून रापीने (चांभाराच्या सुरीने) चामडं थोडं उतरवून घ्यायचं, नाहीतर दुमड फुगते आणि कडी अडकते.

आता मुख्य मुद्दा. नक्षी आधी बसवायची, मग आतून सोल्यूशन लावून दोन्ही पदर चिकटवायचे, मग शिवायचं. बरेच जण शिवून झाल्यावर वरून रिव्हेट ठोकतात. मग त्याचं मागचं डोकं पाठीवर उघडं राहतं, खिशातल्या मोबाइलच्या काचेवर घासतं आणि दिसतंही अर्धवट. नक्षी फक्त पुढच्या पदरात बसवली तर मागचा पदर सगळं झाकून टाकतो. एवढं एक पाळलं की वस्तू दुकानातली वाटते.

माप आधी कागदावर काढा. शिवणीची ओळ काठापासून साडेतीन मिलिमीटर आत असेल तर अडीच सेंमीच्या पट्टीत दोन ओळींच्या मध्ये १८ मिलिमीटर उरतात. तिथे १८ मिलिमीटरचंच फूल बसवलं तर त्याची कड सतत दोऱ्याला घासेल. १५-१६ च्या वर जाऊ नये. मोठं हवं असेल तर पट्टी रुंद करा, शिवण काठाकडे ढकलू नका.

शिवण दोन सुयांची. दोरा एकच, दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. भोकं चार मिलिमीटरवर, काट्याच्या पंचने आधीच पाडलेली. दोरा शिवणीच्या चौपट, वर टोकांसाठी वीतभर. वरच्या मापाला दोन्ही बाजू आणि तळ मिळून १६ सेंमी शिवण येते, म्हणजे साधारण ८५ सेंमी दोरा पुरतो. जाडी ०.८ मिलिमीटर, मेण लावलेला. दर भोकात सुयांचा क्रम तोच ठेवायचा. आज उजवी आधी, उद्या डावी आधी केलं की टाके वेडेवाकडे दिसतात. शेवटी दोन टाके उलट घ्यायचे. दोरा पॉलिस्टरचा असेल तर टोक लायटरने वितळवून बसवायचं, सुती किंवा लिननचा असेल तर चिकटवून कापायचं.

कड : आधी पॉलिश पेपर, मग काठाची धार मोडायची, मग पाण्याचा हात आणि लाकडी दांडीने घासणं. किराण्यातला कतीरा गोंद रात्रभर भिजवून पातळ केला की पाण्यापेक्षा छान चमक येते.

प्रश्न असे : (१) इंदुरात छोट्या धातूच्या वस्तू कुठे आणि कशा घ्याव्यात? (२) नक्षी निघून येऊ नये म्हणून मागून काय वापरता? (३) जुनी नाणी लावलेली चालतात का? घरी डबाभर आहेत.

प्रश्नचिन्ह

ताई, एवढा खटाटोप कशाला? आमच्या कोपऱ्यावरचे मोचीकाका मशीनवर दोन मिनिटांत शिवून देतात. गिऱ्हाईक काय भिंग लावून टाके बघणार आहे?

आरीदोरा

@प्रश्नचिन्ह, टाके बघणार नाही, पण कीचेन वापरणार आहे ना! मशीनच्या शिवणीत वरचा दोरा वरच राहतो, खालचा खालीच, आणि भोकात ते एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात. दोन सुयांच्या शिवणीत दर भोकातून दोरा आरपार गेलेला असतो. एक टाका तुटला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. बॅगेच्या आतल्या कप्प्याला मशीनची शिवण पुरते. किल्ल्या मात्र दिवसभर आपटतात, घासतात.

आणि मोचीकाकांना नावं ठेवत नाही हं. आकडीच्या आरीने ते जी हातशिवण घालतात तिचा वेग मला जन्मात जमणार नाही.

कसेरगल्ली (इंदूर)

अरे वा, आपल्या गावचा धागा! भिया लोकं नुसता पोहा-जलेबीचा विषय काढतात, हे बरं केलंत.

प्रश्न १. राजवाड्याच्या मागे कसेरा बाजारात आणि बर्तन बाजारात पितळ वजनावर मिळतं. पण तिथे हंडे-परातीच्या पलीकडे बघायला डोळा लागतो. देवघराच्या सामानाच्या दुकानात जा : झुल्याच्या साखळीची फुलं, समईचे मोर, पेटीची कोपरे-कडी, घुंगरू. ह्यातलं निम्मं कीचेनच्या मापाचं असतं. कड्या, स्क्रू, आयलेट हा किरकोळ माल सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे. चांदीचं काही हवं असेल तर सराफा. रात्री नाही हो, रात्री तिथे भुट्ट्याचा कीस मिळतो. दुपारी जा, दुकानं उघडी असताना.

घेताना एक बघा : वस्तू ओतीव आहे की ठप्प्याची. ओतीव म्हणजे वितळलेलं पितळ साच्यात ओतलेलं, भरीव, जड, मागून खडबडीत. ठप्प्याची म्हणजे पातळ पत्रा डायवर दाबून उठवलेली, मागून पोकळ. ठप्प्याची हलकी आणि स्वस्त, रेघही तिची जास्त कोरीव. पण किल्ल्यांनी ठोकून ती चेपते. पोकळी मागून भरून घ्यावी लागते. सोनार लाख भरतात. कीचेनला लाख नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर नरम पडते. दोन ट्यूबांचं इपॉक्सी भरा, त्यातच स्क्रूचा पाय रोवून टाका. दोन कामं एकात.

वेगळं काही हवं असेल तर बैतूलकडचे भरेवा कारागीर मेण गाळून ओतकाम करतात. मेणाच्या बारीक दोऱ्यांनी नक्षी घडवायची, वर मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून जातं, त्या जागी धातू. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक नग वेगळा. टीकमगढ-दतियाचं ओतकामही आपल्याच प्रदेशातलं. घुंगरू मात्र उत्तर प्रदेशातल्या जलेसरचे येतात, ते गाव घंटा-घुंगरांसाठीच ओळखलं जातं.

जर्मन सिल्व्हर म्हणून जे देतात त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. दिसायला छान, पण काही जणांना निकेलने खाज सुटते. गिऱ्हाइकाला सांगून विका.

माळवी माणूस

कसेरगल्ली भिया, मस्त माहिती. एक भर : इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे. हत्ती, घोडे, उंट. आत तारेचा सांगाडा, त्यावर भराव, वरून बकऱ्या-मेंढ्याचं पातळ कातडं चिकटवलेलं. ह्या कामातल्या कातरणी मिळाल्या तर आरीदोरांना मागच्या पदराला अस्तर म्हणून उत्तम. दोन्ही पदर जाडे घेतले तर कीचेन फार फोफशी होते.

आरीदोरा

@कसेरगल्ली, इपॉक्सीत पाय रोवायची युक्ती फारच आवडली. देवघराच्या सामानाचं डोक्यातच आलं नव्हतं.
@माळवी माणूस, अस्तराचं पटलं. पण मग मागचा पदर पट्टीचा राहणार नाही, म्हणजे दुमड जाईल आणि कडीसाठी वर वेगळा पट्टा शिवावा लागेल. करून बघण्यासारखं आहे.

हिरवाकंच (पुणे)

माझा एक जुना प्रश्न इथेच विचारतो. ऑनलाइन घेतलेल्या एका कीचेनला पितळी बटण होतं. पावसाळ्यानंतर बटणाच्या भोवती हिरवं, मेणासारखं चिकट काहीतरी साचलं. पुसलं तरी परत येतं. बुरशी आहे का? विकणारा म्हणे, "असली पितळ असल्याची खूण आहे". हसावं की रडावं कळेना.

क्षारआम्ल (वडोदरा)

हिरवाकंच, बुरशी नाही. विकणारा चुकून थोडं खरंही बोलला आहे. चामडं मऊ राहावं म्हणून त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. पितळेत तांबं असतं. दमट हवेत चरबीतली आम्लं तांब्याशी जुळतात आणि तांब्याचा हिरवा साबण तयार होतो. 'साबण' हे मी गंमत म्हणून म्हणत नाही, रसायनशास्त्रात तो साबणच. म्हणून तो मेणचट लागतो. जुन्या खोगिरांवर, पट्ट्यांच्या बकलांखाली सगळीकडे दिसतो. लाकडी काडीने खरवडा, कोरड्या फडक्याने पुसा, धातूला मेणाचा हात द्या. काही महिन्यांनी पुन्हा येईल, पुन्हा पुसा.

नवीन बनवताना टाळायचं असेल तर दोन गोष्टी. नक्षीच्या मागच्या बाजूला, जिथे ती चामड्याला टेकते, तिथे पारदर्शक लॅकरचा थर द्या. नेलपॉलिशही चालतं. आणि बसवल्यानंतर चामड्याला तेल चोपडू नका. आरीदोरा, तुम्ही शेवटी तेल लावता का? लिहिलेलं दिसलं नाही.

लोखंडाचा प्रकार वेगळा. तुम्ही खिळ्याने जी परीक्षा सांगितली तीच इथे अंगावर येते. सालीच्या चामड्यात टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य), कडी लोखंडी, वर पावसाचं पाणी : दुमडीत काळा डाग पडणारच. जुन्या काळी शाई ह्याच रासायनिक क्रियेने करत. मुलामा दिलेली कडीही मुलामा उडाला की तेच करते. कडी स्टेनलेसची किंवा भरीव पितळेची घ्या. स्वस्त कडीवर पाच रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

ह्याचाच फायदाही करून घेता येतो. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवून गाळा. ते पाणी सालीच्या चामड्यावर फिरवलं की ते काळंभोर होतं. रंगासारखा थर नसल्यामुळे हाताला लागत नाही, सोलवटत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने धुवून उरलेलं आम्ल मारायचं. काळ्या चामड्यावर पितळ काय खुलतं म्हणून सांगू!

प्रश्नचिन्ह

वाचनखूण साठवली. मशीनवाला मुद्दा मागे घेतो.

आरीदोरा

@क्षारआम्ल, तेल नाही, मेण आणि थोडं तिळाचं तेल गरम करून केलेलं मलम लावते. आता नक्षी बसवण्याआधी लावेन, तेही बेतानेच. काळ्या रंगाचा प्रयोग तर करणारच.

टाकसाळ (इंदूर)

प्रश्न ३ माझ्या जिव्हाळ्याचा. कृपया, कृपया नाण्यांना भोक पाडू नका.

चालू नाणी असतील तर विषयच मिटला. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं, नष्ट करणं, चलनाखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं ह्याला मनाई आहे. मंडळाच्या प्रदर्शनात पोलीस येणार नाहीत हे मलाही कळतं, पण विकायच्या वस्तूत ते नकोच.

जुनी असतील तर डबा आधी कुणा जाणत्याला दाखवा. इंदूर संस्थानची तांब्याची नाणी आपल्याकडच्या घरांत हमखास सापडतात. शिवाजीराव होळकरांच्या काळातल्या (१८८६-१९०३) पाव आणि अर्ध्या आण्यावर बसलेला नंदी आहे. यशवंतराव दुसऱ्यांच्या १९३५ च्या नाण्यांवर त्यांचा चेहरा आहे. फार महाग नसतात, पण भोक पाडलं की संग्राहकाच्या दृष्टीने संपलीच. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेषात मोडतं, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायच्याही भानगडीत पडू नका.

लावायचंच असेल तर सोनाराकडून कोंदण करून घ्या. नाण्याभोवती पातळ पट्टी, मागे कडी, नाण्याला धक्का नाही. विकायच्या मालासाठी त्यापेक्षा नंदीचा किंवा सूर्याचा ठप्पाच करून घ्यावा. होळकरांचा सूर्य इंदूरकर लांबून ओळखतो.

घरचा आहेर

टाकसाळकाका +१. आमच्या आजोबांची साखळीवाली चांदीची बटणं आहेत, कुर्त्याची. ती चालतील का? नाणी नाहीत, वारसाही फार मोठा नाही, नुसतीच कपाटात काळी पडताहेत.

कसेरगल्ली (इंदूर)

@घरचा आहेर, झक्कास चालतील. त्यांच्या मागे कडी असते ना, तीच वापरायची. पुढच्या पदराला बारीक चीर द्या, कडी आत ढकला, आतून कडीत चामड्याची बारीक वादी ओवा आणि दोन्ही टोकं मागून चिकटवा. स्क्रू नाही, रिव्हेट नाही, शिवण उसवली की बटण परत काढता येतं. फक्त कडीच्या उंचीएवढी जागा मागच्या पदरात आतून कोरून घ्या, नाहीतर टेंगूळ येतं. चांदी गंधकाने काळी पडते, म्हणून रबरबँड लावून ठेवू नका.

गाडीवान

थोडं नक्षीबाहेरचं, पण कामाचं. कीचेन जड करू नका. किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या गाडीत सगळं वजन कुलपावर लोंबकळतं. २०१४ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत सदोष इग्निशन स्विचमुळे लाखो गाड्या परत बोलावल्या, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत किल्लीच्या कडीत दुसरं काहीही ठेवू नका असं मालकांना सांगितलं होतं. त्या स्विचमध्ये मुळात दोष होता हे खरं. तरी भरीव पितळेचा पाव किलोचा नंदी कुणी लावू नये.

आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली चामड्याच्या कव्हरात घालणार असाल तर धातू किल्लीच्या थेट अंगावर नको. सिग्नल अडतो. नक्षी खालच्या पट्टीवर घ्या.

नफातोटा

सगळं ठीक, पण किंमत काय लावणार? प्रदर्शनात लोक 'शंभरला देता का' ह्याच्यापुढे जात नाहीत.

आरीदोरा

@नफातोटा, चामडं, दोरा, कडी मिळून खर्च फार नाही, नक्षीवर तो वर-खाली होतो. खरा खर्च वेळेचा. एका कीचेनची शिवण आणि कड ह्यात माझा तास सहज जातो. साडेचारशेच्या खाली परवडत नाही. शंभरवाल्यांसाठी नक्षीशिवायची, एकाच पदराची, शिवण नसलेली साधी पट्टी ठेवणार आहे. नुसती कडी आणि एक रिव्हेट.

नफातोटा

साडेचारशे ऐकून लोक पुढे जातील, पण शेजारी टाके घालत बसलात तर थांबतील. अर्धवट शिवलेली एक कीचेन लाकडी चिमट्यात अडकवून ठेवाच. बाकी पाट्या, रिबिनी, गिफ्ट बॉक्स सगळी खोगीरभरती.

सुईदोरा_नवीन

मी पहिल्यांदाच करणार आहे. नक्षी सियागंजातून आणली, मागे आटे असलेली, फायलींना असतो तसा दोन तुकड्यांचा स्क्रू. घट्ट पिळला तरी नक्षी गोल गोल फिरते. चामडं दोन मिलिमीटर, स्क्रूची नळी पाच मिलिमीटरची आहे. काय करू?

आरीदोरा

नळी लांब झाली आहे. नळी चामड्याच्या जाडीपेक्षा किंचित आखूड हवी, तरच पिळताना चामडं दाबलं जातं. तुमचा पुढचा पदरच दोनचा आहे, तेव्हा पावणेदोनची नळी लागेल. एवढी आखूड नळी सहसा मिळत नाही. म्हणून आतून चामड्याच्या दोन-तीन गोल चकत्या भोक पाडून सरकवा, म्हणजे जाडी सव्वापाचपर्यंत येईल. पण मग मागे टेंगूळ येणार. त्यापेक्षा नळी कानसने घासून अडीच करा आणि एक पातळ चकती घाला.

भोक नळीच्या मापाचंच पाडा, मोठं नको. पिळण्याआधी आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होत नाही. तरीही फिरत असेल तर नक्षीच्या मागे काठाजवळ थोडं इपॉक्सी लावा. पण त्याआधी चामड्याचा तेवढा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या, गुळगुळीत बाजूवर ते धरत नाही.

सुईदोरा_नवीन

कानस आहे घरी. आजच घासतो. पहिल्या तुकड्याचा फोटो टाकू का इथेच?

कसेरगल्ली (इंदूर)

टाक ना भिया. मागच्या बाजूचाही टाक, पुढचा तर सगळेच दाखवतात.